मिणमिणीचा तास

सकाळपासून ती खुर्चीतून सातव्यांदा उठली. खिडकी उघडली तर कागद उडायला लागले, म्हणून बंद केली. बंद केली तर जीव गुदमरायला लागला. वेधशाळेत तिला सगळे आलेखबाई म्हणत, कारण कॉम्प्युटर हाताशी असतानाही ती ताऱ्यांच्या उजेडाचे आलेख ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने काढायची. शिक्षण बेताचंच. वीस वर्षांपूर्वी नणंदेने फायली लावायला म्हणून इथे चिकटवलं. बाकीचं ती बघून बघून, विचारून विचारून शिकली.

नणंद, म्हणजे तिच्या वन्सं, इथल्या मोठ्या संशोधक. आज रात्री आठ वाजता त्यांना मोठ्या दुर्बिणीचा एक तास मिळणार होता. एकच तास, पण त्यासाठी दोन वर्षं अर्ज करून त्यांचे जोडे झिजले होते.

तास हवा होता एका अंधूक ताऱ्यासाठी. यादीत त्याला लांबलचक नंबर होता, आलेखबाई त्याला मिणमिणी म्हणायची. दर अठरा तासांनी मिणमिणीचा आधीच जेमतेम असलेला उजेड निम्म्यावर यायचा आणि दोनेक तासांत पुन्हा सावरायचा. वन्संचं म्हणणं, हिच्याभोवती एक काळा जोडीदार फिरतोय. तो समोर आला की ही झाकली जाते. आज आठ वाजता ती अशी निम्मी झाकली गेली की तिच्या उरलेल्या उजेडातून त्या काळ्याचा स्वतःचा मंद उजेड दुर्बिणीत वेगळा पकडायचा. आठाची वेळ काढली होती आलेखबाईने. आणि या कामावर वन्संच्या खाली पहिल्यांदाच तिचं नाव छापून येणार होतं.

चार दिवस मात्र तिला काहीतरी टोचत होतं. उजेड पडल्याचे अकरा आलेख अकरा कागदांवर काढून ते तिने एकावर एक ठेवले होते. रेघ जाड आली. जाड रेघ आली की मधून बारीक रेघ ओढायची, ही तिची जुनी सवय. आज पहिल्यांदाच तिने गठ्ठा सोडवला. पहिला, तिसरा, पाचवा असे एका बाजूला. दुसरा, चौथा, सहावा असे दुसऱ्या. दोन्ही गठ्ठे तिने काचेला लावून धरले.

एका गठ्ठ्याची रेघ जराशी जास्त खोल होती. केसाएवढी, पण होती.

"मेले!" ती काचेलाच म्हणाली.

म्हणजे एक उजळ आणि एक काळा असं नव्हतंच. जवळजवळ सारखे दोन तारे होते. दोन्ही लहान, थंड, लालसर, वजनाला सूर्याच्या निम्मेही नाहीत. आणि इतके जवळ की मध्ये दोन सूर्य जेमतेम मावावेत. आधी हा त्याला झाकायचा, मग तो ह्याला. झाकणं सारखंच दिसायचं, म्हणून तिने अर्ध्या फेरीलाच पूर्ण फेरी धरलं होतं. आठ वाजता दोघे एकामागे एक उभे राहतील, दोघांचा उजेड एकात एक मिसळेल आणि कोण कुठला काही कळणार नाही. बघायचे तर दोन झाकण्यांच्या मधोमध, एक आपल्याकडे येत असताना आणि दुसरा लांब जात असताना. म्हणजे पहाटे पाचला. तेव्हा येणाऱ्याचा उजेड किंचित निळ्याकडे सरकतो, जाणाऱ्याचा तांबड्याकडे, आणि दोन वेगळे कळतात.

आणि वन्संचंच खरं असलं तर? तर पहाटे तो काळा नेमका उजळ्याच्या मागे दडलेला असणार. दोन वर्षांचा तास पाण्यात.

ती उठून वन्संच्या खोलीत गेली.

"वन्सं, जरा बोलायचं होतं."

"तू जरा म्हणतेस तेव्हा दुपार जाते. बोल."

ऐकता ऐकता वन्संनी कागद काचेला लावले. चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला. "ही? ही रेघ? पेन्सिलीला टोक केलं नसशील."

"तुमच्या भावाची दाढी उरकायच्या आत माझ्या चार पेन्सिली तासून होतात."

"अगं, परवाच दुर्बिणीच्या समितीपुढे छाती ठोकून काळा जोडीदार सांगून आले मी! तेव्हा का तोंड शिवलं होतंस?"

"तेव्हा दिसलं नव्हतं."

"आता दिसलं? खात्री आहे?"

हो म्हणावंसं तिला फार वाटलं. "नाही. दहात सात."

"सात! सातांवर दोन वर्षं उधळू?"

"आठ वाजता गेलात तरी चालेल. काहीतरी मिळेल, ते छापून येईल, कुणी हटकणारही नाही. पण माझं नाव मग त्यावर नको."

वन्सं येरझारा घालू लागल्या. आलेखबाईलाही बसवेना. खोली एवढीशी, एक दाराकडे निघाली की दुसरी खिडकीकडे, आणि टेबलाच्या कोपऱ्याशी दर वेळी दोघी अंग चोरून एकमेकींना वाट देत होत्या. पाच वाजले. सव्वापाच झाले.

अचानक वन्संनी फोन उचलला. पहाटेचा तास एका तरुण संशोधकाकडे होता, धुळीच्या ढगांवर काम करणाऱ्या.

"माझा आठचा घे, तुझा पहाटेचा दे."

"ताई, चेष्टा करताय ना? पहाटे उठायचं वाचलं! घ्या, घ्या!" पलीकडचा आनंद खोलीभर ऐकू आला.

वन्संनी अदलाबदलीचा फॉर्म भरला आणि 'वेळेची जबाबदारी' या रकान्यावर बोट ठेवून तिच्याकडे सरकवला. "सही कर."

"मी? रागाने म्हणताय?"

"रागानेच. पण आकडा तुझा आहे."

वीस वर्षांत तिने हजेरीपटाशिवाय कुठे सही केली नव्हती. अक्षर वाकडं आलं, पण आलं.

सकाळी सातला घरी फोन वाजला. पलीकडे वन्सं होत्या.

"बोला ना हो! एक की दोन?"

"दोन," वन्सं म्हणाल्या. "स्वच्छ दोन. एकाचा उजेड इकडे सरकलाय, एकाचा तिकडे."

आलेखबाईने भिंतीला पाठ टेकली. मग म्हणाली, "समितीला सांगा, चूक माझी होती. मोजणी माझी."

"तुझी म्हणे! आणि मी काय डोळे मिटून बसले होते? अकराला बोलावलंय त्यांनी. दोघी जाऊ. पोटभर जेवून ये, तिथे पाणीसुद्धा विचारणार नाहीत."