दोनदा दाबलेला कनेक्टर

मी एक जुना कनेक्टर आहे, मित्रांनो, आणि आता निम्माच उरलो आहे. स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीच्या कपाटात, पारदर्शक राळेच्या गोळ्यात गाडलेला पडून असतो.

माझा जन्म २००६ सालचा. आम्ही तारा सर्किट बोर्डाला जोडतो, पण आम्हाला बोर्डावर सोल्डर करत नाहीत. आमच्या पिनच्या मधोमध सुईसारखं नेढं असतं आणि बोर्डाचं भोक पिनपेक्षा किंचित अरुंद. मशीनने दाबलं की नेढं चेपतं आणि भोकाला आतून घट्ट धरून ठेवतं. वर्षानुवर्षं सुटायचं नाही, अशी आमची ख्याती! पण ही पकड एकदाच. उपटलेला कनेक्टर टाकून द्यायचा, असं मशीनवर ठळक जर्मनमध्ये लिहिलं होतं.

मशीन चालवायचा नागेश, साताऱ्याचा इंजिनिअर. कामात हुशार, मनाने भला. पण वस्तू फेकायची म्हटली की त्याच्या जिवावर यायचं. चाचणीच्या गाडीचे ब्रेक सांभाळणारा बोर्ड त्या दिवशीच पाठवायचा होता. मला दाबलं आणि मग कळलं, बोर्डच चुकीचा घेतला. माझ्यासारखा दुसरा सोमवारपर्यंत मिळणार नव्हता. नागेशने मला हळूच उपटलं आणि योग्य बोर्डात पुन्हा दाबलं.

"नवीन आहे ना रे?" त्याच्या वरिष्ठ विभावरीताईंनी विचारलं.

"हो ताई, नवाकोरा."

काय सांगू! मी आत नुसता टेकलो होतो.

गाडी चालवणार होता गुरुदत्त, नागेशबरोबर एकाच घरात राहणारा त्याचा मित्र. ब्लॅक फॉरेस्टच्या घाटात, बर्फात, एका वळणावर माझी पिन सुटली, चाकं जाम झाली आणि गाडी झाडावर आदळली. गुरुदत्तची कंबर मोडली. वर ठपका असा, की यानेच गाडी भरधाव हाणली.

तपासासाठी मला गोळ्यात गाडून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं ठरलं. काम आलं नागेशकडेच. माझ्या आठही पिनांवर ओरखडे दोनदा उमटलेले त्याला दिसले. एवढंच लिहिलं असतं तर गुरुदत्त सुटला असता.  पण त्याने घासायचा कागद घेतला आणि पिना संपेपर्यंत मला घासत राहिला.

"आल्झो... म्हणजे, नमुना जरा जास्तच घासला गेला, ताई. आता काही कळत नाही."

विभावरीताईंनी आधी नमुन्याकडे, नंतर त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी अहवालावर सही केली. ठपका गुरुदत्तवरच राहिला आणि त्याची नोकरी गेली.

शेवटच्या दिवशी तो काठी टेकत पास परत द्यायला आला आणि माझ्या कपाटापाशी, नागेशजवळ थांबला. "नाग्या, सगळे उलटले रे. तू तरी माझ्यासाठी झटलास."

"बस, चहा आणतो," म्हणून नागेश बाहेर गेला. तो परत आलाच नाही.

मित्रांनो, उपटलेला कनेक्टर पुन्हा लावू नका. लावलातच, तर विचारणाऱ्याला खरं सांगा. माझं त्या खोलीत कुणालाच ऐकू गेलं नाही. नागेशचं ऐकलं असतं.