शेंड्याचे पान

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळेची मान, काही भिंगे आणि उजेड पकडणारा आरसा, एवढाच माझा प्रपंच. प्रयोगशाळेत कितीतरी डोळे माझ्यावर वाकले. प्रत्येकाचे कुतूहल मला चिकटत गेले. मग नवी यंत्रे आली आणि मी कपाटात गेलो. त्या दमट अंधारात माझ्या एका भिंगाला बुरशी लागली.

मला बाहेर काढले ते एका अबोल संशोधक मुलीने. नव्या यंत्रापुढे रांग असे, आणि पुढे घुसणे तिच्या स्वभावात नव्हते.

काचघरात तिने एकाच कुळातली दोन प्रकारची झाडे वाढवली होती. एकाचे पान रुंद नि पातळ, दुसऱ्याचे लहान नि जाड. उजेडातून अन्न कोण अधिक करते आणि पानाच्या घडणीचा त्यात वाटा किती, हे तिला जाणून घ्यायचे होते. जाड पान सतत हरत होते. पान किती अन्न करते ते मोजणारे यंत्र लावले की आकडा खाली. माझ्याखाली त्या पानाचा काप ठेवला की हिरव्या, उभ्या पेशींची एकच विरळ ओळ. एवढ्या जाड पानात हिरवे इतके थोडे कसे, हे कोडे मलाही सुटेना.

काचघरात जागा अपुरी होती. तिच्या सरांनी जाड पानाच्या कुंड्या टाकून द्यायचे ठरवले.

"तुझं लाडकं आळशी निघालं गं," ते हसून म्हणाले.

ती शेवटच्या कापासाठी पान तोडायला कुंडीपाशी गेली. हात सवयीने खालच्या फांदीकडे वळला आणि तिथेच थबकला.

"सर, पातळ पानं मी शेंड्याची घेतली. याला ओरबाडवेना, म्हणून नेहमी खालची, सावलीतली घेत आले. मोजलीही तीच."

"मग आता वरचं तोड."

"शेंडा बोडका होईल."

"कचऱ्यात जाण्यापेक्षा बरं."

तिने ते तोडले. कापात हिरव्या पेशींच्या दोन दाट ओळी उभ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये हवेला फिरायला जागा. एकाच झाडाने उन्हासाठी एक घर बांधले होते, सावलीसाठी दुसरे! शेंड्याच्या दुसऱ्या पानाला यंत्र लावले, तेव्हा आकडाही चढला. पातळ पानाच्या भावंडाला त्याने गाठले नाही. पण कुंड्या राहिल्या आणि तुलना नव्याने सुरू झाली.

मित्रांनो, आमची भिंगे मऊ कापडाने पुसा, आम्हाला कोरडे ठेवा. आणि कशावरही जीव लावा. मात्र त्याची पारख करताना मायेपोटी हात आखडू नका.