एसीला लावलेला सूर

"सहा महिने व्हायच्या आत त्याला इथं पाय लावायला सांग हां गो," असं रबियाखाला बजावत होत्या, तेव्हा अक्षदा तान्ह्या लेकीच्या, अबोलीच्या तोंडातून बुटाची लेस ओढून काढत होती. "पोरगा इथं जन्मला म्हणून इथला होत नाय. सहा महिने बाहेर राहिलं की इकामा, राहायचा परवाना, रद्द. तो कुणाला ओळखत नाय."

"खाला, तुम्ही उगाच घोर लावून घेता. येईल हो तो," अक्षदा म्हणाली. बाळ शिंकलं तरी जिचा जीव टांगणीला लागायचा, तिने एवढी गोष्ट मात्र हसण्यावारी नेली.

तो म्हणजे खालांचा, बँडसोबत भारतात गेलेला मुलगा साबीर. कुवेतमधल्या फरवानियात खाली खालांचं शिवणकामाचं दुकान आणि वर अक्षदा-शैलेशचं बिऱ्हाड. तिथल्याच राई नावाच्या भागात एका गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साबीर ड्रम वाजवायचा, नचिकेत गिटार, आणि अक्षदा गायची. शेडमधला जुना एसी असा घरघरायचा की शेजारचं बोललेलं ऐकू येऊ नये. बंद करावा तर उन्हाळ्यात गिटार हातात धरवायची नाही. नचिकेत वैतागला की साबीर म्हणायचा, "अरे, त्याला गप्प कशाला करतोस? सीनियर आहे तो. आपणच त्याच्याशी ट्यून करू."

आणि त्यांनी खरोखरच गिटारच्या तारा त्या घरघरीला लावल्या. पेटीवर न सापडणारा तो सूर दोन पट्ट्यांच्या फटीत कुठंतरी होता. अक्षदाचा गळा त्या फटीत उतरायला वेळ लागला, पण अखेर उतरला. बँडचं नाव ठेवलं 'मुकय्यिफ'. अरबीत एसीला तेच म्हणतात.

पुढं सगळं भराभर झालं. दस्मानजवळच्या छोट्या हॉलमध्ये कुवेती पोरं अर्थ न कळताही मराठी ओळी म्हणू लागली. मग मुंबई, बंगळुरू, शिलाँगहून बोलावणी आली. अबोलीला तेव्हा ताप होता.

"तुम्ही व्हा पुढे. दात आले की मी येतेच."

"तुझे की तिचे?" नचिकेत म्हणाला होता.

तिचा आवाज रेकॉर्डिंगमधून गावोगाव हिंडला. ती मात्र बाटल्या उकळत ठेवून मोबाइलवर ती गर्दी बघायची. हजारो लोक तिच्या तानेवर डोलत होते आणि तिच्या खांद्यावरून दुधाची गुळणी ओघळत होती. हेवा नव्हता तो. आपलंच अंग दुसऱ्या गावी राहिल्यासारखं वाटायचं.

दौरा लांबत गेला. एकदा तिने फोनवर खालांच्या सहा महिन्यांच्या बजावणीची आठवण दिली, तर साबीर हसला. "ताई, तो रूल बाहेरच्यांना. मी तर फरवानियाचा!" तिलाही ते पटलं. मुदत उलटल्यावर तो मुंबईच्या विमानतळावर उभा राहिला, तेव्हा काउंटरवरच्या बाईने सांगितलं, इकामा रद्द दाखवतोय. "पण मी घरी चाललोय," तो म्हणत राहिला.

नवा व्हिसा मिळेपर्यंत तो यूसुफमामाच्या हर्णैतल्या बंद घरात जाऊन राहिला. मामा स्वतः कुवेतमध्ये. नचिकेतने दुसरा ड्रमर घेतला. शो काही थांबत नाही. साबीर दुपारी अक्षदाला फोन करायचा. "ताई, एसी ऐकव ना." ती फोन खोलीतल्या एसीजवळ ठेवायची. इकडे अबोली झोपायची, तिकडे साबीर. बाळाची छाती वरखाली होतेय ना, हे बघताना तिचा एक कान फोनमधल्या श्वासाकडेही असायचा.

"हा वरच्या सुरात लागतो गं," तो एकदा म्हणाला. "आपला ऐकव. राईतला."

व्हिसाला नकार आला त्याच आठवड्यात ती अबोलीला कडेवर घेऊन बसने राईला गेली. शेड नव्या भाडेकरूने घेतली होती. आत टायर रचलेले. साबीरला फोन लावून तिने हात एसीकडे उंच धरला.

"लाव ना."

"चालूच आहे रे."

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "नवा बसवला?"

तिला खोटं सुचलं नाही. "हो. आवाजच करत नाही."

त्याने फोन ठेवला. त्यानंतर उचललाच नाही. आता तर बंदच लागतो. खाला शिवण टाकून भारताच्या तिकिटाच्या मागे लागल्या आहेत, पण सुट्ट्यांच्या गर्दीत ते लगेच मिळेना. नचिकेत म्हणतो, रुसला असेल. असेलही. पण एकदा हसण्यावारी नेलेलं अक्षदाला पुरे झालं होतं. तिने गाण्याचा व्हिडिओ उघडला. खाली लोकांनी ड्रमची तारीफ करून ठेवली होती. त्यातच तिने लिहिलं:

"हे ऐकणाऱ्यांपैकी कुणी हर्णैच्या आसपास असाल, तर एवढं करा. बंदराच्या वाटेवर यूसुफ मुकादमांचं निळ्या दाराचं घर विचारा. दार वाजवा. उघडलं नाही, तर ताल चुकवून वाजवा. त्याला राहवणार नाही. जेवलास का, एवढं विचारा, आणि मला इथंच कळवा."