टिटवी, श्वास घे

“मामा, बोल आता! पहिलं वाक्य माझ्यासाठी हं!”

मामाने हातातल्या डबीचं बटण दाबलं. आतून एक अनोळखी बाई म्हणाली, “नमस्कार. यंत्र तयार आहे.”

मी खदखदून हसले. मग आईचा चेहरा दिसला.

गळ्याच्या ऑपरेशनमध्ये मामाचा आवाज गेला. त्याआधी बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून खोलीत गाद्या उभ्या करून त्याने आपली वाक्यं थेट त्या डबीतच रेकॉर्ड केली होती. “ताई, चहा टाक.” “हे कोणी सांगितलं तुला?” आणि खास माझ्यासाठी, “टिटवी, श्वास घे!” कारण मी सुरू झाले की थांबत नाही. वक्तृत्वात यंदा पहिली आलेय, उगाच नाही! वाक्य निवडलं की डबी मामाच्याच आवाजात बोलायची.

आईचं कामच अशा डब्यांचं. राउटर, मीटर, लिफ्ट यांच्या पोटात त्यांना चालवणारी लिनक्स नावाची प्रणाली असते. ती सगळी एका फाइलीत, म्हणजे इमेजमध्ये, घट्ट बांधून देणारी साधनं ती सांभाळते. देशोदेशीचे लोक त्यांतल्या चुका तिला कळवतात. मामाची डबी हल्ली मध्येच बंद पडायची, म्हणून आज तिने नवी इमेज बांधून चढवली. डबीतलं जुनं सगळं पुसूनच नवी इमेज बसते.

“प्रत काढली होतीस ना?”

“काढली होती गं.” तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ‘आवाज’ नावाचा फोल्डर उघडेचना. “हा नुसता दुवा आहे. खरे आवाज डबीत दुसरीकडे होते. मी दुव्याचीच प्रत काढली.”

“म्हणजे घराऐवजी पत्ता उचलून आणलास?”

“हो.”

“मग परत काढ ना! तुला तर सगळं येतं!”

“त्याच जागेवर नवीन लिहिलंय, बाळा. जगाला मीच सांगते, आधी प्रत उघडून बघा म्हणून.”

मामाने काहीतरी टाइप केलं. बाई अदबीने म्हणाली, “ताई, चहा टाक.”

आई ओट्याशी गेली. पातेलं काठोकाठ भरलं तरी तिने नळ बंद केला नाही.

मी मामाला भराभरा सांगू लागले, की आपण दुसरा आवाज शोधू, पुरुषाचा, छान भारदस्त, आईच्या ओळखीचे किती लोक आहेत, आणि शाळेतल्या सरांचा तर... मामाने हात वर केला. पुन्हा टाइप केलं. ‘बोला’वर बोट नेलं, पण दाबलं नाही. डबी माझ्यासमोर धरली.

पडद्यावर होतं, “टिटवी, श्वास घे.”

“काय म्हणतोय गं?” आईने पाठमोरीच विचारलं.

मी श्वास घेतला. पण सांगता येईना.