दार झालेला फळा

मी एक जुना फळा आहे, फणसाच्या लाकडाचा. मित्रांनो, बांगलादेशात ब्रह्मपुत्रेच्या पात्रातल्या वाळूच्या बेटावर माझी नोकरी आहे. नदी जमीन खायला लागली की इथले लोक घर सोडत नाहीत, सोडवतात. पत्रे, वासे, कोंबड्या नावेत भरायच्या आणि पुढच्या बेटावर घर पुन्हा उभं करायचं. शाळाही पत्र्याची होती. तीही आमच्याबरोबर यायची.

मग बाहेरून पाहुणे आले आणि म्हणाले, मुलांना पक्की इमारत हवी. ती झाली. फार कौतुक झालं. माझ्याही अंगावर नवा काळा रंग चढला. पुढच्या पुरात नदी भिंतीला लागली, तेव्हा पक्की इमारत सोडवता येत नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. मोफज्जल सरांनी मला तेवढं बाहेर काढलं.

नव्या बेटावर शाळेला भिंत नव्हती आणि कोबाद अलीच्या घराला दार नव्हतं. माझं माप बसलं. सर म्हणाले, लाव, पण काळी बाजू बाहेर. तेव्हापासून वर्ग त्याच्या अंगणात भरतो. दार उघडलं की गणित घरात जातं.

"कोबाद, दार ओढ. हातचा आत राहिला."

"सर, बकरीला तरी बाहेर येऊ द्या."

शेवटी ठरलं, माझ्यावर गणित असेपर्यंत दार उघडायचं नाही.

कोबादची मुलगी तोहुरा पाचवीत होती. तिची आत्या तिला ढाक्याला न्यायला आली. एका घरी बाळ सांभाळायचं, दोन वेळचं जेवण मिळेल. दुपारच्या नावेने निघायचं होतं. तोहुरा बोचकं घेऊन आत बसली आणि बाहेर सरांनी माझ्यावर दहा भागिले तीन मांडलं. तीन आले. पुन्हा तीन. पुन्हा तीन. मुलं मुकाट्याने उतरवून घेत होती.

"सर, झालं का हो?" आत्याने आतून विचारलं.

"बाकी उरतेय, बाई."

नावाड्याने हाका मारल्या आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नाव शाळेच्या आधी आली. तोहुरा बाहेर पडली आणि तिने सवयीने मला नीट ओढून घेतलं.

मित्रांनो, फळ्याला भिंत मिळवून द्या. त्याला बिजागऱ्या लावल्या की मुलं त्यातूनच निघून जातात.