युती झाल्यानंतरची बस

निगडीहून निघोज्याला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये ज्योतीरामकाका आणि शेखर रोज भांडायचे. काका लातूरकडचे, शेखर मोशीचा, आणि दोघांचे पक्ष एकमेकांच्या जिवावर उठलेले. मी त्यांच्या मागच्या सीटवर. फर्स्ट शिफ्टसाठी पहाटे उठलेल्या बाईला झोप हवी असते, लोकशाही नको.

मग महापालिकेच्या निवडणुकीसाठी दोन्ही पक्षांची युती झाली.

सकाळी शेखर मोशीला चढला, काकांशेजारी बसला आणि म्हणाला, "आता काय बोलायचं राव? झेंडा येकच झाला."

"तुमचा नेता तसा बराच हाय," काका म्हणाले. इतकं मरगळलेलं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं.

प्रयत्न त्यांनी केला, नाही असं नाही. नव्या ऐतिहासिक सिनेमावरून वाद काढला, तर दोघंही तो बघून रडले होते. साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कोण असावा यावरही बोलले. दोघांनी एकाच लेखकाचं नाव घेतलं; त्याचं एक पानही वाचलेलं नव्हतं, तरी मत जुळलं. शेवटी शेखर कानात इअरफोन घालून रील्स बघू लागला आणि मला झोप मिळू लागली. मी मनातल्या मनात युतीला शुभेच्छा दिल्या.

एका दुपारी कँटीनमध्ये काका भरलं ताट तसंच सोडून उठले. विचारलं तर म्हणाले, "बायको मंजुळा देवाघरी गेली. पोरगा हैदराबादला. मशीनवर दिवसभर कानात बोळे. माणसाशी बोलणं म्हणजे तेवढी बस होती. आता राजीनामा देऊन गावाकडं जावं म्हणायलोय."

"गावाला कोण आहे?"

"कोणी न्हाई."

मला युतीचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये पुढे वाकून मी मोठ्यानेच म्हणाले, "काका, तुमच्या दोघांचेही नेते विकले गेलेत. मी तर तिसऱ्यालाच मत देणार."

काका गर्रकन वळले. "कोण म्हणायलंय?"

शेखरने इअरफोन काढले. "विजयश्रीताई, तुमाला राजकारणातलं काय कळतं?"

निघोजे येईपर्यंत दोघं मिळून माझ्यावर तुटून पडले. मला तर तिसऱ्या पक्षाचं नावसुद्धा धड आठवत नव्हतं. उतरताना काकांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"पोरी," ते दरडावून म्हणाले, "उद्या पेपर वाचून ये. असं चालणार न्हाई."