शिंगाच्या मुठीचा चाकू

पडवीत आंब्याची कलमं बांधायचं काम चाललं होतं आणि रितेश तिथंच खुर्ची टाकून, पाय वर घेऊन बसला होता. दुपारी आरे-वाऱ्याला समुद्रावर जायचं म्हणून नवी पँट घातलेली, आणि खाली ओली माती. गणपतीला मुंबईहून आलेला हा तेजस्वीचा चुलतभाऊ. त्याला म्हणे जुन्या चाकूंचा शौक. सगळे काचेच्या कपाटात मांडलेले. एकानंही आजवर काकडी कापलेली नाही, हे वर अभिमानानं सांगायचं. बैल पाळावेत आणि जोताला लावू नयेत, तशातली गत!

आता त्याचा डोळा आज्याच्या चाकूवर होता. तो घडीचा चाकू गंगाराम आज्याच्या बापाचा. मूठ म्हशीच्या शिंगाची, हातात फिरून फिरून गुळगुळीत झालेली. दोन्ही टोकांना पितळ. पातं घासून घासून बांबूच्या पानासारखं निमुळतं. उघडताना एकच खट्ट, आणि मिटताना मांजरानं नखं आत घ्यावीत तसं अलगद. हापूसच्या काडीला त्यानं पाचर तासावी, तर रोपाच्या चिरेत ती अशी बसे की मधे केस शिरू नये. नववीतल्या तेजस्वीला आज्यानं तो यंदाच वापरू दिला होता, आणि तिची कलमं फुटल्यापासून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

रितेशचं कौतुक भलतंच. काय पीस आहे, पॉलिश मारलं की चकाकेल! सकाळीच तो त्या पात्यानं बाटलीचं झाकण उचकटत होता. तेजस्वीनं हिसकावला म्हणून टोक वाचलं. तरी सगळं घर त्याच्याच बाजूचं. तो घराण्याचा मुलगा, ही उद्या परक्याच्या घरची. शेवटी आजाही नमला. त्यानं चाकू मिटून जमिनीवर ठेवला.

"घे. तुजा."

"हातात द्या ना, आजोबा."

"सुरी हातात देव नये रे. भांडान व्हतं. उचल."

रितेशनं खाली बघितलं. चाकू, माती, हापूसच्या काड्या. "कुणी हलवू नका. असाच फोटो काढतो," म्हणत तो कॅमेरा आणायला आत पळाला.

तेजस्वीनं चाकू उचलला.

तो परतला तेव्हा ती पुढची काडी तासत होती. तो आज्यावर चिडला, तुम्ही तर मला दिला होता म्हणाला. आज्यानं दातांत धरलेली कलम बांधायची पट्टी काढली.

"मी ठेवला व्हता. उचलला तिनं. आता ती ठेवील तवा घे."

"कधी ठेवणार गं?"

"कलमं संपली की," तेजस्वी मान वर न करता म्हणाली.

रितेशनं उरलेल्या रोपांवरून नजर फिरवली आणि समाधानानं पुन्हा खुर्चीत बसला. कोयी दरसाल रुजतात आणि त्यांच्या रोपांवर दरसाल कलमं बांधायची असतात, हे त्या शहाण्याला कुणी सांगायचं?